नाचणाऱ्या लेकरांची यादी

जालन्यात नाच शिकवणारा शोधायला लांब जावं लागत नाही. संध्याकाळी सहाच्या सुमाराला गांधी चमनपासून नूतन वसाहतीकडे पायी निघालं, की कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून स्पीकरचा ठेका कानावर येतोच. श्रावणात झिम्मा-फुगड्या, भाद्रपदात लेझीम, नवरात्रात दांडिया, आणि डिसेंबर उजाडला की शाळाशाळांतून गॅदरिंगच्या तालमी. धुळवडीला हत्ती रिसाल्याची मिरवणूक निघते तेव्हा बाजारपेठ रस्त्यावर उतरून नाचते. आषाढीला आनंदी स्वामींच्या पालखीपुढं पावली खेळणारे म्हातारे बघितले, की वाटतं या गावाच्या पोटऱ्यांतच ताल आहे. वाण आहे ती एकाच गोष्टीची. नाचता नाचता लेकरू पडलं तर पुढं काय, हे आधी विचारणारं माणूस भेटत नाही.

आमच्या वसाहतीत मुलांसाठी नाचाचा वर्ग काढायचं ठरलं, तेव्हा हा प्रश्न पहिल्याच बैठकीत मी मांडला. सारं आयुष्य शाळेत गेल्यामुळं असेल, मला स्टेजवरच्या रोषणाईआधी स्टेजची कड दिसते. ठरलं ते असं: आधी संस्थेची नोंदणी, मग शिकलेले प्रशिक्षक, मग विमा, आणि हे सगळं जुळून आल्यावर मुलांची नावं. शेजारचे एक काका ऐकून मनापासून चक्रावले. "मॅडम, नाचायचंच तं हाय लेकरायला. याला कामून एवढा पसारा?"

काकांचा प्रश्न खोटा नव्हता. त्यांच्या आईच्या काळी खरोखरच पसारा लागत नसे. नागपंचमीच्या फुगड्या व्हायच्या त्या शेणानं सारवलेल्या अंगणात. वर सारवण, खाली माती. पोर आपटली तरी कोपर खरचटण्यापलीकडं काही व्हायचं नाही. लहानगीला आधी साधी फुगडी, मग बसफुगडी, आणि दंडफुगडीपर्यंत पोचायला काही श्रावण जावे लागत. हातांची अढी कशी घालायची, गरगर फिरताना मागं किती झुकायचं, थांबताना वेग कसा उतरवायचा, हे सांगायला भोवती आज्या, चुलत्या, माहेरवाशिणी उभ्या. कुणाचा तोल गेला तर तिच्यामागं दोन हात आलेच म्हणून समजा. शिकवणारं माणूस होतं, शिकण्याला क्रम होता, खालची जमीन मऊ होती, आणि लेकरू पडलं तर उचलून घरी नेणारं अख्खं आळीभर माणूस होतं. आजच्या कागदावर आपण ज्याला प्रशिक्षक आणि विमा म्हणतो, त्यातलं बरंचसं त्या अंगणात न लिहिता हजर होतं.

ते अंगण गेलं. त्या जागी आधी कोबा आला, मग शहाबादी फरशी, मग गुळगुळीत टाइल्स. त्या आज्याही गेल्या. ज्या राहिल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून गुडघे धरून बसल्या आहेत. उड्या मात्र दरवर्षी उंच होत चालल्या. मुलं मोबाईलवर जे बघतात त्यात कोलांट्या आहेत, हवेतल्या गिरक्या आहेत, एकीनं दुसरीच्या खांद्यावर उभं राहून केलेलं चीअरलीडिंग आहे. हे सगळं ती फरशीवर करून बघतात. बघणारच, त्यांचं वय ते आहे. म्हणून पसारा आपण मांडायचा.

आम्हाला मिळालेली पहिली प्रशिक्षक ही जिल्ह्यातलीच एक मुलगी. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या महाविद्यालयात शिकून आलेली. १९१४ साली सुरू झालेली ही संस्था. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या चमूनं भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं जगापुढं करून दाखवली होती. तिथून शिकलेल्या या पोरीनं आमच्याकडं येऊन काय करावं? पहिल्या दिवशी तिनं गाणं लावलंच नाही. मुलं नवे कपडे घालून, केसांना जेल लावून आलेली. तिनं सगळ्यांना बूट-मोजे काढायला लावले, हॉलच्या कडेला बसवलं आणि एकेकाला मध्ये बोलावून फक्त एक उडी मारायला सांगितली. बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं.

धप्प. धप्प. धप्प.

"ऐकलं? हा आवाज जमिनीचा नाही, तुमच्या गुडघ्याचा आहे," ती म्हणाली. मग तिनं स्वतः उडी मारली. माझंही वय झालंय, कानही तसेच. पण त्या हॉलमध्ये त्या क्षणी पंख्याची घरघर सोडली तर काही ऐकू आलं नाही. पायाची बोटं आधी टेकली, मग चवडा, मग टाच. गुडघे वाकले, आणि वाकताना ते पायाच्या बोटांच्या रेषेतच राहिले, आत कलले नाहीत. मुलांना ती करामत वाटली. त्या दिवसापासून तिच्या वर्गात पहिला धडा उतरण्याचा. जो आवाज न करता उतरतो, त्यालाच पुढची उडी.

त्यामागचं कारण तिनं पालकांना नंतर समजावून सांगितलं. दहा ते पंधराच्या वयात हाडं लांबीला भराभर वाढतात, स्नायू मागं राहतात. गुडघ्याच्या वाटीखाली, टाचेच्या मागं, जिथं स्नायूची दोरी हाडाला धरून असते, तिथली वाढीची कूर्चा अजून कच्ची असते. तिच्यावर कठीण जमिनीचा हिसका रोज बसत राहिला की आधी ठणका लागतो, मग सूज येते. आपण म्हणतो, वाढीचं वय आहे, दुखायचंच. एका आईनं हळूच विचारलं, "मंग माह्या पोरीचं टोंगळं त्याच्यानंच दुखत आसंल का?" ती पोर मागच्या डिसेंबरात एका ठिकाणी गॅदरिंगसाठी महिनाभर सिमेंटच्या गच्चीवर उड्या मारत होती. तिला आम्ही आधी डॉक्टरकडं पाठवलं, वर्गात नंतर घेतलं.

जमिनीचं आम्ही जमेल तसं केलं. लाकडी तक्तपोशी परवडणारी नव्हती. खाली जाड रबर, त्यावर प्लायवूड, कोपऱ्यात फोमच्या चटया. सुतार आणि टायरवाला दोघंही ओळखीचे निघाले, त्यामुळं निभावलं. त्या जमिनीवर पहिल्यांदा उभी राहिलेली एक छोटी मुलगी खाली बघून म्हणाली, "ही हलती." थोडी हलायलाच हवी होती.

शिकलेला प्रशिक्षक म्हणजे कोण, यावर आमच्यात पुष्कळ खल झाला. कथक-भरतनाट्यमला सोय आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत, प्रारंभिकपासून विशारद-अलंकारापर्यंत. इथून साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला एमजीएमचं महागामी गुरुकुल आहे. पार्वती दत्तांनी १९९६ पासून तिथं कथक आणि ओडिसी रुजवलं. मराठवाड्यातल्या किती घरांत नाचाला मान मिळाला, त्यात त्या गुरुकुलाचा वाटा मोठा आहे. व्यायामाच्या अंगानं बघायचं तर बी.पी.एड. आहे, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा अभ्यासक्रम आहे, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडं विचारलं तर मार्गदर्शन मिळतं. पण आपली मुलं जे नाचतात, ते सिनेमातलं, रीलमधलं, हिप-हॉप आणि लावणी यांच्या मिश्रणातलं. त्याला एकच एक प्रमाणपत्र नाही. म्हणून आम्ही दोन माणसं घेतली. एकाकडं नाच, दुसरीकडं अंगाची विद्या. दोघं एकाच वेळी हॉलमध्ये.

नाच शिकवणारा जो तरुण आला तो हाडाचा कलावंत. मोबाईलवर बघून बघून शिकलेला, कुणी गुरू नाही. मुलं त्याच्यावर जीव टाकत. त्याच्या नाचाचा शेवट ठरलेला असे: सगळ्यात हलकं लेकरू वर, त्याच्या हातात झेंडा, खाली तीन थरांचा मनोरा. १५ ऑगस्टला, २६ जानेवारीला असे मनोरे आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवून बघितले आहेत. मी शाळेत असताना मैदानावर उभी राहून बघितले आहेत. तेव्हा सगळ्यांची नजर वर झेंड्याकडं असते. खालच्या थरातल्या पोराच्या थरथरणाऱ्या मानेकडं कुणाचं लक्ष जात नाही.

आमच्या बी.पी.एड. झालेल्या मुलीनं मनोऱ्याला स्वच्छ नकार दिला. तरुण दुखावला. मग मी त्याला दहीहंडीच्या गोविंदांची गोष्ट सांगितली, कारण मनोऱ्याबद्दल महाराष्ट्रात शिकायचं तर त्यांच्याकडूनच. मुंबई-ठाण्याची पथकं गुरुपौर्णिमेपासून सराव करतात, पाया कोण, मधला थर कोण, एक्का कोण, हे महिनाभर आधी ठरतं, आणि तरीही थर कोसळतात. वर चढणारा एक्का लहान हवा, हलका हवा, म्हणून वर्षानुवर्षं सहा-सात वर्षांची मुलं चढवली गेली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. १४ वर्षांखालच्या मुलांना थरात उतरवणार नाही, अशी हमी राज्य सरकारनं दिली आणि ऑगस्ट २०१७ मध्ये न्यायालयानं ती नोंदवून घेतली. २०२२ मध्ये सरकारनं दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देण्याची घोषणा केली. २०२३ मध्ये ५० हजार गोविंदांचा विमा सरकारनं उतरवला. एका गोविंदामागं हप्ता ७५ रुपये, अपघातात जीव गेला तर वारसाला १० लाख. पंच्याहत्तर रुपये! इतकी वर्षं एवढ्याशा रकमेवाचून किती घरं उघड्यावर पडली असतील, हा विचार मनातून जात नाही.

अमेरिकेतही हेच घडून गेलं. तिकडं शाळा-कॉलेजात खेळणाऱ्या मुलींना होणाऱ्या अतिगंभीर दुखापतींत चीअरलीडिंगचा वाटा फार मोठा होता. मुलीला चौघींनी हातांवर घेऊन हवेत उंच फेकायचं आणि झेलायचं, हा त्यातला सगळ्यात धोक्याचा प्रकार. २००६-०७ च्या हंगामापासून तो कठीण जमिनीवर करायला बंदी आली, आणि त्यानंतर तसल्या दुखापती कमी झाल्या. नाच तोच, मुली त्याच, जमिनीचा एक नियम बदलला.

तरुणानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मॅडम, मी शिकू का हे? कुठं शिकवतात?" मला त्या प्रश्नाचं फार मोल वाटतं. त्याला काढून टाका, असं म्हणणारे आमच्यात दोघं-तिघं होते. पण ज्याच्याकडं मुलं धावत येतात तो माणूस घालवून कसं चालेल? त्याला वर्गाच्या खर्चानं प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाला पाठवलं. मुरगळलेला घोटा कसा बांधायचा, मानेला मार लागला असेल तर लेकराला का हलवायचं नाही, शुद्ध हरपलेल्याला पाणी का पाजायचं नाही, हे तो शिकून आला. उन्हाळ्यात जालन्याचा पारा ४२ च्या घरात जातो. दुपारच्या तालमी त्यानं स्वतःहून बंद केल्या. मुलांनी येताना पाण्याची बाटली आणायची हा नियमही त्याचाच. हे टँकरचं गाव. २०१२-१३ च्या दुष्काळाची आठवण अजून घराघरांत आहे, पाणी इथं कुणी गृहीत धरत नाही.

पगाराचा विषय निघाला तेव्हा मात्र मी चिडले, आणि अजूनही चिडते. "फुकट शिकवणारे येतात की, मॅडम." येतात. पण जालना हे तपासून विकणाऱ्यांचं गाव आहे. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमधून निघालेली सळई वाकवून, ताणून बघितल्याशिवाय बाजारात जात नाही. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली महिको उभी केली, तेव्हापासून हे बियाण्याचं गाव. पिशवीवर उगवणशक्तीची टक्केवारी छापलेली नसेल तर शेतकरी ती हातात धरत नाही. सरकीला आपण एवढं विचारतो. मग आपलं लेकरू ज्याच्या हाती देतो त्याला, तुम्ही कुठं शिकलात, एवढं विचारायला संकोच कसला? आणि तो शिकून आला असेल, तर त्याच्या शिकण्याचे चार पैसे द्यायला जीव का जातो?

विम्याचं काम सगळ्यात रुक्ष असेल असं वाटलं होतं. तिथंच मला या सगळ्याचा गाभा सापडला.

सामूहिक अपघात विमा घ्यायचा तर कुणाच्या नावावर, हा पहिला प्रश्न. चार शेजाऱ्यांच्या नावानं कंपनी पॉलिसी देईना. म्हणून १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवली. त्याला किमान सात माणसं लागतात. ती सात माणसं जमवताना कळलं की नाचाला कौतुकानं येणारे पुष्कळ, सहीला बसणारे थोडे. धर्मादाय कार्यालयातली नोंद, पॅन, बँकेचं खातं, हे सगळं होईतो पावसाळा सरला. विमा शाखेतल्या गृहस्थांनी अर्जावरचा रकाना वाचून विचारलं, "मुलं नेमकं काय करणार?" 'नृत्य' एवढंच लिहून मोकळं होता आलं असतं. आम्ही सविस्तर लिहिलं: नृत्य, लेझीम, कवायत, चटईवरच्या कोलांट्या, मनोरे नाहीत, उंच फेक नाही. विम्यात जे लपवलं जातं तेच दाव्याच्या वेळी आडवं येतं. बारीक अक्षरांत साहसी खेळ वगळलेले असतात, आणि लेकरू मनोऱ्यावरून पडलं तर कंपनी त्याच ओळीवर बोट ठेवते. संरक्षण फक्त वर्गापुरतं नको, चोवीस तासांचं द्या, असं मागितलं. थोडा हप्ता वाढला. घेतलं.

सरकारी योजना आहेत, त्या पालकांना समजावून सांगितल्या. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यूला दीड लाख, कायमचं अपंगत्व आलं तर ठरलेली रक्कम, शाळेमार्फत प्रस्ताव. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं संरक्षण देते, पण ती १८ ते ७० वयाच्यांसाठी. लेकरू त्यात बसत नाही, आईबाप बसतात. आमच्या पालकांपैकी बऱ्याच जणांनी त्या निमित्तानं बँकेत जाऊन स्वतःचे अर्ज भरले. रोलिंग मिलमध्ये भट्टीपुढं राबणारा एक बाप म्हणाला, "पोरीच्या नाचामुळं माह्या जिवाचा इमा झाला."

मग अर्ज भरायची संध्याकाळ आली. हॉलमध्ये सतरंजीवर आया बसलेल्या, हातात पेन, पुढ्यात कागद. मुलाचं नाव, जन्मतारीख, रक्तगट, आधीचं काही दुखणं, आणि शेवटचा रकाना वारसाचा. रक्तगट निम्म्यांना माहीत नव्हता. आधीचं दुखणं विचारल्यावर गोष्टी निघाल्या: लहानपणी झटके आले होते, हृदयाला बारीक छिद्र होतं म्हणून डॉक्टर म्हणाले होते, दम लागतो. यातलं एकही आजवर कुठल्या नाचाच्या सरांनी विचारलं नव्हतं. झटके आलेल्या मुलाला डॉक्टरांचं पत्र आणायला सांगितलं. ते आल्यावर तो मजेत नाचू लागला. फक्त लुकलुकत्या दिव्यांपासून त्याला लांब ठेवायचं, हे दोघा प्रशिक्षकांना माहीत झालं.

वारसाच्या रकान्यापाशी एक आई थांबली. शिवणकाम करून घर चालवणारी बाई. तिनं माझ्याकडं बघितलं. सात वर्षांच्या लेकीच्या नावापुढं तिला स्वतःचं नाव लिहायचं होतं. लेकीला काही झालं तर पैसे कुणाला, याचं उत्तर म्हणून. "मॅडम, हे असं लिहून घेतात व्हय? अभद्र वाटतं." मी तिच्याशेजारी बसले. तिला म्हटलं, "तुम्ही हे लिहिता म्हणजे उद्या हाताला मार लागला तर दवाखान्यात आधी पैसे मोजा, मग बघू, असं कुणी म्हणणार नाही. पॉलिसीत दवाखान्याचा खर्चही आहे." तिनं पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. अक्षर शिवणाच्या टाक्यासारखं सरळ आलं. मग तिनं सतरंजीवरच कागदाला हात जोडले.

मुली हा वेगळाच विषय आहे. आपल्या जिल्ह्यात अजूनही शाळेच्या वयात मुलींची लग्नं लागतात. ज्या घरात दहावीच्या आधी स्थळं बघायला लागतात, तिथं तेरा-चौदाची मुलगी चारचौघांत नाचते हे सहज पटत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात हस्तिदंताची एक देखणी स्त्रीमूर्ती सापडली. इटलीत पाँपेईच्या अवशेषांत १९३८ साली मिळालेल्या प्रसिद्ध हस्तिदंती मूर्तीशी तिचं नातं अभ्यासक सांगतात. दोन हजार वर्षांपूर्वी या मातीत कुणीतरी बाईचं उभं राहणं, तिचा बांधा, तिचे दागिने इतक्या प्रेमानं कोरत होतं. आज त्याच तालुक्यातली पोर आरशापुढं हात वर करायला लाजते, ओढणी सावरते, आणि मग नाचायचं सोडून देते.

तिच्या आईला विश्वास द्यायचा तर शब्द पुरत नाहीत. वर्गाशी संबंध येणाऱ्या प्रत्येक माणसाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घेतली, गाणी लावणाऱ्या पोराची सुद्धा. एकानं नाक मुरडलं. तो पुन्हा आला नाही, आणि ते बरंच झालं. हॉलचं दार उघडं. मुलींच्या वर्गाला एक तरी बाई कायम हजर. नाच शिकवताना अंगाला हात लावावा लागतो, पाठ सरळ करावी लागते, खांदा खाली दाबावा लागतो. म्हणून नियम असा, की आधी सांगायचं, "मी तुझा खांदा धरतोय," आणि मुलीनं मान हलवल्यावरच धरायचं. सुरुवातीला मुली हसत. हळूहळू त्यांनाही ती सवय लागली. आता त्या एकमेकींना शिकवतानाही विचारतात, "धरू का?" पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, त्यातली कलमं मुलींना पाठ करून दिली नाहीत, पण आपल्या अंगाला विचारल्याशिवाय हात लावायचा नसतो, हे त्यांच्या हाडात उतरलं आहे. एवढ्या एका गोष्टीसाठी सुद्धा मी हा वर्ग पुन्हा काढीन.

आपल्याच जिल्ह्यातलं, घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. जन्म १६०८ सालचा. त्यांनी गावोगाव मारुती बसवले, बलोपासना शिकवली. त्यांच्याच नावाचं श्री समर्थ व्यायाम मंदिर मुंबईत दादरला शिवाजी पार्कवर आहे, आणि तिथं दृष्टी नसलेली मुलंसुद्धा मल्लखांब शिकली आहेत. त्या कामातल्या उदय देशपांड्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. डोळ्यांनी न दिसणारं मूल खांबावर चढतं ते कशाच्या भरवशावर? खाली गादी आहे, शेजारी शिकलेला माणूस उभा आहे, आणि त्यानं हजार मुलांना उतरायला शिकवलं आहे, या भरवशावर. बळ असंच येतं. समर्थांच्या जिल्ह्यात हे नव्यानं सांगावं लागू नये.

आमच्या वर्गातल्या सगळ्यात चांगल्या नाचणाऱ्या मुली शहराजवळच्या एका तांड्यावरच्या. तीजेच्या सणाला त्यांच्या घरच्या बायका रात्र रात्र नाचतात. त्यांना ताल शिकवावा लागला नाही, उतरणं मात्र शिकवावं लागलं. दसरा-दिवाळीनंतर त्यातल्या काही जणी दिसेनाशा झाल्या. आईबाप ऊसतोडीला गेले, पोरी बरोबर गेल्या. काही आजीपाशी, काही जिल्हा परिषदेच्या हंगामी वसतिगृहाच्या सोयीनं मागं राहिल्या. यादीत त्यांची नावं तशीच होती. आमच्यातलं कुणी म्हणालं, वर्गाला येत नाहीत तर पुढच्या वर्षी नावं कमी करू, हप्ता वाचेल. हिशेबानं बरोबर होतं. पण पॉलिसी चोवीस तासांची. लेकरू नाचाच्या हॉलमध्ये असो नाहीतर कारखान्याच्या वाटेवर उसाच्या मोळ्यांनी भरलेल्या ट्रॉलीत बसलेलं असो, त्याचं नाव त्या कागदावर असेपर्यंत त्याच्या मागं कुणीतरी उभं आहे. तिथं, फडात, त्याची जास्त गरज आहे. नावं ठेवली. सगळ्यांनी मिळून जास्तीचा हप्ता भरला. चैत्र-वैशाखात पोरी परत आल्या, काळवंडून, वाळून, आणि पहिल्याच संध्याकाळी आवाज न करता उतरल्या.

हा वर्ग मोठा नाही. त्याला कुठलं बक्षीस मिळालेलं नाही, आणि गॅदरिंगच्या स्पर्धेत मनोरा लावणाऱ्या वर्गापुढं आमची मुलं अजून हरतात. हरू देत. या जिल्ह्यात आठ तालुके आहेत आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी असे वर्ग निघताहेत. मंठ्याला, परतूरला, अंबडला, जाफराबादला. ते निघावेत, खूप निघावेत. तुमच्या लेकरानं हट्ट धरला तर त्याला जरूर घाला. फक्त फीचा आकडा विचारण्याआधी सरांना किंवा मॅडमना विचारा, तुम्ही कुठं शिकलात, प्रथमोपचार कोणाला येतात, मुलं कोणत्या जमिनीवर उड्या मारतात, आणि विम्याची यादी मला बघायला मिळेल का. यादीत तुमच्या लेकराचं नाव आणि जन्मतारीख बरोबर लिहिली आहे का ते स्वतः वाचा. रक्तगट माहीत नसेल तर उद्याच तपासून घ्या. विचारल्याचा ज्यांना राग येईल, त्यांच्याकडं लेकरू पाठवू नका.